मालवणात शिकलेलं स्कूबा, स्कॉटलंडच्या पाण्यात

पत्र : मी बेळगावजवळच्या येळ्ळूरचा, वय २४. डिसेंबरात मालवणला ओपन वॉटर हा स्कूबाचा पहिला कोर्स केला, नंतर नेत्राणी बेटापाशी चार डाइव्ह झाले. सप्टेंबरात एम.एस्सी.साठी स्कॉटलंडला चाललोय. तिथल्या विद्यापीठाच्या डायव्हिंग क्लबात नाव घालायचं आहे आणि ऑर्कनी बेटांमधल्या स्कापा फ्लो या समुद्रखाडीतली बुडालेली जहाजं बघायची आहेत. थंडीची सवय व्हावी म्हणून रोज पहाटे शेतातल्या विहिरीत अर्धा तास पोहतो. एवढं पुरेल का? जाण्याआधी ड्रायसूट (पाणी आत न शिरणारा डायव्हिंगचा पोशाख) विकत घेऊ का? आणि आई म्हणते, ‘गारठ्यानं पाण्यातच काही झालं तर?’ तिला काय सांगू?

उत्तर :

आधी विहिरीचं बघू. मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारा साधा थर्मामीटर आणा, पहाटे विहिरीत कळशी सोडून पाणी वर काढा आणि कळशीतच तो बुडवून दोन मिनिटांनी वाचा. आपल्या भागात आकडा बहुधा २२ ते २५ अंशांच्या मध्ये येईल. मार्गशीर्षात पहाटे विहिरीवर वाफ दिसते ती त्यामुळेच : पाणी ऊबदार असतं, वरची हवा गार असते. तुम्हाला काकडायला होतं ते बाहेर आल्यावर, अंगावरच्या ओल्याला वारा लागतो तेव्हा. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर समुद्र हिवाळ्याच्या शेवटी ६-७ अंशांवर असतो, उन्हाळा संपताना १३-१४ वर जातो. गोड्या पाण्याच्या लॉखमध्ये, म्हणजे तिथल्या लांबट तळ्यांत, खोलवर बाराही महिने ५-६ अंश असतात. विहिरीनं दम वाढेल, तेवढ्यासाठी जरूर पोहा, पण काठावर कुणीतरी असू द्या. थंड पाण्याची तयारी मात्र तिच्यातून होत नाही.

तुमच्या पत्रात ‘सवय’ हा शब्द आहे. त्यामागची कल्पना अशी दिसते की गारठा सोसायला शिकलो की काम झालं. थंड पाण्यातल्या प्रशिक्षणाचा भर सोसण्यावर नसतो. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगानं अंगातली उष्णता ओढतं, आणि तिथे निव्वळ जिद्दीनं कुणी ऊबदार राहत नाही. शिकायच्या गोष्टी दोन : पहिल्या मिनिटात श्वास ताब्यात ठेवणं, आणि बोटं बधिर होत असतानाही ठरलेली कामं ठरलेल्या क्रमानं करणं. बाकीचं काम कपडे आणि यंत्र करतात.

श्वासापासून सुरू करा, कारण याची तयारी घरी होते. एकदम थंड पाणी अंगाला, विशेषतः तोंडाला लागलं की आपोआप मोठा आवंढा घेतल्यासारखा श्वास आत ओढला जातो आणि मग धाप लागते. हा झटका पहिल्या एक ते तीन मिनिटांचा असतो. ड्रायसूट घातला तरी चेहरा उघडाच राहतो. मालवणच्या २८ अंशांत मास्क काढून परत घालणं तुम्हाला सोपं गेलं असेल. तेच ७ अंशांत करताना नाकावर आणि डोळ्यांवर पाणी आदळतं, शिष्य नाकानं श्वास घेतो, ठसका लागतो आणि तो वर पळतो. थंड पाण्यात नवशिक्यांची पहिली घाबरगुंडी बहुतेकदा मास्कवरूनच उडते.

न्हाणीघरात घंगाळ किंवा मोठा टब घ्या. पहिले तीन दिवस पाणी १८ अंशांवर ठेवा, पुढे बर्फ टाकून १२ पर्यंत उतरवा. थर्मामीटर पाण्यातच असू द्या, अंदाजानं बर्फ टाकू नका. तोंडात स्नॉर्कल (श्वासाची नळी), मास्क नाही. आधी ओंजळीनं चेहऱ्यावर पाणी मारा, मग कपाळापर्यंत तोंड बुडवा आणि तोंडानेच श्वास चालू ठेवा. आत घेताना ३ मोजा, सोडताना ६. श्वास रोखून धरायचा नाही. सुरुवातीला ३० सेकंद, दहाव्या दिवसापर्यंत दोन मिनिटं. घरातलं कुणीतरी शेजारी उभं हवं. पहिल्या दिवशी हृदय धडधडेल. पाच-सहा बैठकांनंतर ती धाप बरीच खाली येते, शरीर हे खरंच शिकतं. रक्तदाब, हृदयाचा त्रास, फिट किंवा दमा यांपैकी काहीही असेल तर हा सराव डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. डायव्हिंगच्या आरोग्य फॉर्मवरही ते लपवू नका.

मग बोटं. बोटांच्या कातडीचं तापमान १५ अंशांच्या खाली उतरलं की बारीक काम मंदावतं, त्यावर ५ मिलिमीटरचा निओप्रीनचा, म्हणजे फोमसारख्या रबराचा, हातमोजा चढला की पकड आणखी बोथट होते. कुत्र्याच्या पट्ट्याला असतो तसा खटक्याचा हूक हार्डवेअरच्या दुकानातून आणा, डायव्हिंगचे हूक त्याच जातीचे असतात. खुर्चीच्या पाठीला दोरीचा फास बांधा. बागकामाचे जाड रबरी हातमोजे घाला आणि न बघता हूक अडकवा, काढा, पुन्हा अडकवा. उजव्या हातानं वीसदा, डाव्यानं वीसदा. नंतर हात तीन मिनिटं १२ अंशांच्या पाण्यात ठेवून तेच करा. पहिल्यांदा लागलेला वेळ आणि आताचा वेळ वहीत लिहा. फरक स्वतः पाहिल्यावर कळेल की तिथले प्रशिक्षक हूक मोठेच घ्यायला का सांगतात. बोटं पांढरी पडली किंवा दुखू लागली तर थांबा.

आता ड्रायसूट. इथून घेऊन जाऊ नका. क्लबात बहुधा वापरायला किंवा भाड्यानं मिळतो, आणि मापात न बसणारा महाग सूट हा मापात बसणाऱ्या जुन्या सूटपेक्षा वाईट. सूट पाणी बाहेर ठेवतो, ऊब देतो तो आतला कपडा. हा कपडा मात्र इथून नेता येतो. सुती बनियन नको : घाम शोषून ते ओलंच राहतं आणि बाहेर आल्यावर अंगाला चिकटून गार पडतं. लोकर किंवा सिंथेटिक फ्लीस घ्या. भर पावसात मेंढ्यांमागे फिरणारा धनगर घोंगडी पांघरतो, ती भिजली तरी ऊब सोडत नाही. लोकरीचा हाच गुण सूटच्या आत कामी येतो, कारण थोडं पाणी कधीतरी आत येतंच.

येतं कुठून? बहुतेकदा मनगटातून आणि मानेतून. तिथे लेटेक्सचे किंवा सिलिकॉनचे पातळ सील असतात आणि ते उघड्या कातडीवर सपाट बसावे लागतात. मनगटावरचा देवीचा लाल दोरा, गंडा, राखी, घड्याळ, यातलं काहीही सीलखाली आलं की बारीक पन्हाळ तयार होते आणि दहा मिनिटांत कोपरापर्यंत बाही ओली. मूठ घट्ट आवळली की मनगटातले स्नायूंचे दोर (टेंडन) उभे राहतात आणि त्यांच्या मधल्या खाचेतूनही पाणी शिरतं, म्हणून हूक किंवा दोरी धरताना मनगट वाकवून आवळू नका. गळ्यात तुळशीची माळ असेल आणि ती काढायची नसेल तर काढायची गरज नाही : ती सैल, लांब दोऱ्यात ओवून घ्या, म्हणजे सीलच्या खाली छातीवर, आतल्या कपड्यात राहील. मणी सीलखाली सापडता कामा नये, नाहीतर पाणी येईल आणि एखाद्या दिवशी सीलही फाटेल. नखं कापलेली हवीत. आणि हे आपल्याकडच्या मुलांना मुद्दाम सांगावं लागतं : डोक्याला खोबरेल तेल चोपडून लेटेक्सचा सील डोक्यावरून ओढू नका. तेलानं लेटेक्स चिकट होऊन कुजतं. सील सहज सरकावा म्हणून बिनवासाची टाल्क पावडर वापरतात. पितळी दातांच्या चेनला मेण लावतात. चेन पूर्ण लागली की नाही हे बडीनं, म्हणजे पाण्यातल्या जोडीदारानं, स्वतःच्या बोटानं शेवटपर्यंत तपासायचं. अर्धा इंच उघडी राहिली तरी सूट भरतो.

मानेचा सील फार आवळ नको. मानेच्या दोन्ही बाजूंना रक्तदाब जोखणाऱ्या नसा असतात, तिथे सतत दाब पडला तर नाडी मंदावते, डोळ्यांपुढे अंधारी येते. घातल्यावर पाच मिनिटांत डोकं हलकं वाटलं तर पाण्यात उतरायचंच नाही. सील बदलून किंवा कापून घ्यायचा, आणि ते काम दुकानदारानं करायचं.

पाण्यात सूट कसा वागतो हे आता समजून घ्या. खाली जाताना बाहेरचा दाब वाढतो, आतली हवा आवळते आणि सूटच्या घड्या अंगाला चिमटे काढतात. म्हणून छातीवरचं बटण दाबून थोडी थोडी हवा आत घ्यायची. वर येताना तीच हवा फुगते, ती डाव्या दंडावरच्या व्हॉल्व्हमधून सोडायची. त्यासाठी डावा कोपर उचलून तो व्हॉल्व्ह शरीराच्या सर्वांत वरच्या टोकाला आणला पाहिजे. बुडबुडा नेहमी उंच जागा शोधतो. डोकं खाली आणि पाय वर झाले की हवा बुटात जाते, फिन सैल होतात आणि माणूस पाय वर करून उडायला लागतो. यावर एकच उतारा : गुडघे पोटाशी घ्या, जोरात लोळण घेऊन डोकं वर आणा, डावा कोपर उचला, हवा सोडा. हे तलावात, उथळ पाण्यात, प्रशिक्षकासमोर दहा-बारा वेळा झाल्याशिवाय समुद्रात जाऊ नका. दुसरा घोटाळा म्हणजे बटण अडकून हवा आतच येत राहते. त्याच क्षणी व्हॉल्व्ह उघडून हवा सोडत राहायचं आणि दुसऱ्या हातानं नळीची कडी मागे ओढून ती सुटी करायची. जाड मोज्यात ही कडी सापडत नाही, म्हणून वर सांगितलेला बोटांचा सराव.

तरंगण्यासाठी हवा सूटमध्ये भरावी की बीसीडीत (हवा भरायच्या जाकिटात), यावर प्रशिक्षकांत दोन मतं आहेत. तुमचा प्रशिक्षक सांगेल तेच करा. आमचं मत असं की पहिल्या वीस डाइव्हना सूटमध्ये चिमटा जाण्यापुरतीच हवा असावी. जास्त हवा म्हणजे इकडून तिकडे धावणारा मोठा बुडबुडा. आणि त्या जास्त हवेची गरज बहुधा वजन जास्त बांधल्यामुळे पडते. मालवणात तुम्ही चार-सहा किलोंत उतरला असाल, तिथे कित्येक किलो वाढतील. नेमका आकडा पाण्यातच ठरवायचा : डाइव्हच्या शेवटी, सिलिंडरमध्ये ५० बार (बार हे दाबाचं एकक) असताना, ५ मीटरवर बीसीडी रिकामी आणि सूटमध्ये जेमतेम हवा ठेवून स्थिर राहता आलं पाहिजे. सुरुवातीलाच तपासलं तर फसाल, कारण भरलेल्या १२ लिटर सिलिंडरमधली हवाच जवळपास ३ किलोंची असते आणि ती डाइव्हभर कमी होत जाते. समुद्राचं पाणी गोड्यापेक्षा अडीच टक्के जड असतं, म्हणजे सामानासकट १०० किलोंच्या माणसाला लॉखमधून समुद्रात जाताना अडीच किलो वाढवावे लागतात. प्रत्येक डाइव्हनंतर वजन, सूट, आतले कपडे आणि पाण्याचा प्रकार वहीत टिपा.

रेग्युलेटरबद्दल, म्हणजे सिलिंडरमधली हवा दाब कमी करून तोंडाशी आणणाऱ्या यंत्राबद्दल, थोडं सविस्तर लिहितो, कारण मालवणच्या पाण्यात हा प्रश्नच उद्भवत नाही. सिलिंडरमधली २०० बारची हवा फर्स्ट स्टेजमध्ये, म्हणजे सिलिंडरवर बसणाऱ्या पहिल्या भागात, साधारण १० बारवर उतरते. हवा एकदम प्रसरण पावली की गार होते. डिओडरंट फवारताना डबा गार लागतो, तसंच. भोवतीचं पाणी २८ अंशांचं असेल तर ते धातूला ऊब देत राहतं. ५ अंशांचं पाणी पुरेशी ऊब देऊ शकत नाही, आतला भाग शून्याखाली जातो, स्प्रिंगभोवतीच्या पाण्याचा बर्फ होतो, व्हॉल्व्ह उघडाच अडकतो आणि माउथपीसमधून हवेचा लोट सुरू होतो. याला फ्री-फ्लो म्हणतात. १० अंशांखालच्या पाण्यासाठी फर्स्ट स्टेज सीलबंद लागतो, म्हणजे स्प्रिंगच्या कप्प्यात पाणी शिरत नाही असा. युरोपात विकल्या जाणाऱ्या रेग्युलेटरवर ईएन २५० मानक छापलेलं असतं. त्याच्या पुढे ‘१० अंशांहून अधिक’ अशी खूण असेल तर तो तुमच्या कामाचा नाही.

यंत्र चांगलं असलं तरी हाताळणी चुकली तर ते गोठतं. किनाऱ्यावर गार हवेत उभं राहून रेग्युलेटरमधून श्वास घेत बसू नका, तोंडातली वाफ आतच गोठते. पहिला श्वास पाण्यात तोंड गेल्यावर. पर्ज बटण (रेग्युलेटरमधून हवा मोकळी सोडणारं) दाबून ठेवू नका. सूटमध्ये हवा भरायची तर श्वास सोडताना, टिचकी मारल्यासारखी, एका वेळी अर्धा सेकंद. श्वास घेणं, सूट फुगवणं आणि बीसीडी फुगवणं एकदम केलं की हवेचा ओघ वाढतो आणि गोठायला निमित्त मिळतं. तरीही फ्री-फ्लो झालाच तर ओठ आवळू नका. माउथपीस एका बाजूनं सैल धरा, जादा हवा बाहेर जाऊ द्या, हवी तेवढी घोट घोट घ्या. बडीला खूण करा आणि नेहमीच्या गतीनं, मिनिटाला ९ मीटरहून सावकाश, वर या. सिलिंडर काही मिनिटांत रिकामा होतो, म्हणून बडी हाताच्या अंतरावर असला पाहिजे. ओपन वॉटरमध्ये तुम्ही हे ३० सेकंद केलं असेलच. तिथे पुन्हा करा, हातमोजे आणि हूड (डोक्याचा रबरी टोप) घालून.

हवेचा हिशेबही बदलतो. गारठ्यात श्वास वाढतो. समजा १२ लिटरचा सिलिंडर २०० बारला भरला, म्हणजे २४०० लिटर. ५० बार राखून १८०० उरले. २० मीटरवर दाब ३ बार. मिनिटाला २० लिटर घेणारा माणूस तिथे ६० लिटर संपवतो, त्याला ३० मिनिटं मिळतात. त्याचाच श्वास थंडीनं २८ वर गेला तर ८४ लिटर, म्हणजे २१ मिनिटं. शिवाय कॉम्प्रेसरजवळ ३० अंशांवर २०० बार दाखवणारा सिलिंडर ६ अंशांच्या पाण्यात गेला की गेज १८५ च्या आसपास येतं. गळती नाही, हवा आकसलेली असते. पण हिशेब त्या १८५ वरूनच धरायचा.

कानांत एक गंमत होते. हूड घातल्यावर एका कानात गार पाणी आधी शिरलं की क्षणभर जग फिरतं, कारण आतल्या कानाला दोन बाजूंनी वेगळं तापमान लागतं. दोरी किंवा बडीचा दंड धरा, नजर एका जागी ठेवा, दुसऱ्या कानाजवळ हूड जरा ओढून पाणी आत येऊ द्या. मिनिटाभरात थांबतं.

आता आईचा प्रश्न, आणि तो अगदी योग्य आहे. त्यांना सांगा की गारठ्याची लक्षणं आधी दिसतात, आणि ती बघायला शेजारी बडी असतो. आवरता न येणारी हुडहुडी भरली की डाइव्ह संपला, मग सिलिंडर अर्धा का असेना. हे कुणाला विचारून ठरवायचं नसतं. त्यापुढची लक्षणं बडीला दिसतात : माणूस चाचरतो, अडखळतो, हातातली वस्तू सोडतो, उगाच चिडतो. पाण्यात धाप लागून खोकला आला, छातीत गुरगुर वाटली, तर ते थकव्यावर घालवू नका. थंड पाण्यात फुप्फुसात पाणी साठण्याचा प्रकार घडतो. वर यायचं, पाण्याबाहेर पडायचं, ऑक्सिजन आणि डॉक्टर. बाहेर आल्यावर वाऱ्याच्या आडोशाला जाऊन ओलं उतरवा, कोरडं चढवा, टोपी घाला, गोड गरम चहा प्या. दारू नाही, हातपाय चोळणं नाही, आणि लगेच कढत पाण्यानं आंघोळ नाही. कातडीत रक्त एकदम खेळू लागलं की बुडबुडे होण्याचा आणि चक्कर येऊन पडण्याचा धोका असतो. थंड पाण्यात लघवी जास्त होते म्हणून काहीजण पाणीच पीत नाहीत. तसं करू नका, शरीर कोरडं पडलं की डीकम्प्रेशनच्या आजाराचा (दाब उतरताना अंगात बुडबुडे होण्याचा) धोका वाढतो.

स्कापा फ्लोची घाई नको. २१ जून १९१९ ला तिथे अडकवून ठेवलेल्या जर्मन आरमारानं स्वतःचीच ५२ जहाजं बुडवली. बहुतेक पुढे वर काढली गेली, त्या ताफ्यातली सात मोठी जहाजं अजून तळाशी आहेत. त्यांतल्या बहुतेकांपाशी तळ ३५ मीटर आणि त्याहून खोल आहे. तुमचं प्रमाणपत्र १८ मीटरचं. आधी ड्रायसूटचा कोर्स, मग तीस-चाळीस थंड डाइव्ह, त्याबरोबर खोल पाण्याचं प्रशिक्षण. पहिला हिवाळा १० ते १५ मीटरवर काढलात तर दुसऱ्या उन्हाळ्यात ती जहाजं नीट बघाल. आत्ता गेलात तर निम्मा वेळ गेज आणि सूट सांभाळण्यातच जाईल.

जाण्याआधी मालवणला पुन्हा उतरणार असाल तर एक गोष्ट. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर आहे. डाइव्हनंतर विमानप्रवासासाठी जे थांबायचे तास सांगतात, ते साधारण ६०० मीटरच्या वर जाणाऱ्या रस्त्यालाही लागू धरतात : एकच डाइव्ह असेल तर किमान १२ तास, दिवसात दोन किंवा सलग दिवस डाइव्ह असतील तर १८. आपली मुलं दुपारी दोनला शेवटचा डाइव्ह करतात आणि संध्याकाळी आंबोलीच्या घाटात गाडी घालतात. घाट चढताना हवेचा दाब कमी होतो आणि अंगात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला लागतो. शेवटच्या डाइव्हची रात्र मालवणातच काढा आणि दुसऱ्या दिवशी तास मोजून निघा. गोव्याहून चोर्ल्यानं येत असाल तरी हेच.